जावेचा समुद्र, माझी माशी

त्या वर्षी घरातले पुरुष स्वारीवर होते आणि नारायण पेठेतल्या आमच्या घरी धाकट्या जावेच्या समुद्राचंच कौतुक चाललं होतं. तिच्या कोकणात म्हणे अंधारात लाटा चमकतात. पाण्यात कणाएवढे जीव असतात. हात नाही, पाय नाही, नुसता उजेड!

माझी माशी मधमाशीच्याच जातीची, पण अंगणात एकटीच बीळ खणून पिल्लांसाठी पराग साठवायची. सारवताना मी ते बीळ रोज चुकवायचे. शेवटी सासूबाईंना ती माशी दाखवली.

“ही चमकते का?” त्यांनी विचारलं. जाऊ हसली.

दुसऱ्या दिवशी मी रागारागानं अंगण सारवलं, बिळासकट. परागानं पिवळी झालेली माशी ओल्या शेणावर घिरट्या घालत राहिली.

“जाऊबाई,” धाकटीनंच विचारलं, “बिचारीचं घर कुठं गेलं हो?”