झुंबरबाईचा मसाला

पिंपळनेरच्या हेमराजने घरी कधी स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. शेतातून यायचा, शर्ट खुंटीवर फेकायचा आणि दुसऱ्या दिवशी तो धुतलेला मिळायचा. त्याच हेमराजला प्रवासी जहाजावर नोकरी लागली, ती लाँड्रीत. आई झुंबरबाईला त्याने एवढंच सांगितलं, "मॅनेजमेंटमा शे." तिने ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

लाँड्री जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. खोलीएवढी धुलाई यंत्रं, त्याहून मोठे ड्रायर आणि चादरी गिळून कडक इस्त्री करून बाहेर टाकणारा रोलर. वर लोक समुद्र बघायचे आणि खाली हेमराज त्यांचे टॉवेल. गावाहून फोन आला की कोणीतरी हमखास विचारायचं, "समुद्र कसा शे रे?" हेमराज समोरच्या यंत्राकडे बघून सांगायचा, "फेस भरपूर शे."

जेवण मात्र सपक. म्हणून आईने दिलेल्या काळ्या मसाल्याची पुडी तो कोटाच्या खिशात ठेवायचा आणि भातावर भुरभुरायचा. एकदा घाईत त्याने तो कोट पोहण्याच्या तलावावरच्या टॉवेलांबरोबर यंत्रात टाकला. प्लास्टिकची पुडी धुण्यात तगली, ड्रायरच्या आचेत मात्र तिने जीव सोडला.

पहिली शिंक रोलरवरच्या माणसाला आली. मग सगळ्यांनाच. डोळ्यांना धारा, घशात आग. ड्रायरमधला कापसाचा भुगा पेटला असं वाटून कोणीतरी आगीची घंटा दाबली. अंगभर जाड पोशाख आणि तोंडावर मुखवटे चढवून आग विझवणारे धावत आले. शिंका आल्या नाहीत त्या फक्त त्यांना.

ड्रायर उघडल्यावर फिलिपिनो सुपरवायझरने तपकिरी झालेला एक टॉवेल चिमटीत धरला.

"हे काय आहे?"

"मसाला, सर."

"कशासाठी?"

"तुमच्या जेवणासाठी," हेमराज बोलून गेला.

सगळे टॉवेल पुन्हा धुवावे लागले, तेही त्याने एकट्याने. शिवाय पुढचं बंदर येईपर्यंत प्रत्येक कपड्याचा खिसा तपासायचं काम त्याच्यावर पडलं. एका आचाऱ्याच्या खिशात त्याला दातांची कवळी सापडली. ती परत द्यायला गेला, तर आचारी म्हणाला, "माझी नाही." मग ती कोणाची, हे जहाजावर कोणालाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात झुंबरबाईचा फोन आला. "मसाला सरना का? आखो एक पुडी धाडू?"

"नको, माय!" हेमराज ओरडला आणि मग सगळंच सांगून बसला.

आपण लाज आणली, असं त्याला वाटलं. मग पलीकडून आवाज आला, "बठ्ठा जहाजना कपडा तू धवस? आनि आठे घरमा रुमालबी मीच धवू तुना!" आणि ती इतकी हसली, की शेजारची यशोदाबाई काय झालं म्हणून बघायला आली.

सुट्टीत हेमराज घरी आला, तेव्हा धुळ्याला मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. मुलीचे वडील प्रेमराजनाना यांनी चहा पुढे करत विचारलं, "जहाजावर नेमकं काम काय?"

हेमराज घसा खाकरतोय तोवर झुंबरबाईच ठणकावून म्हणाली, "कपडा धवस."

मुलगी, सारिका, बँकेत कामाला. तिने बशी खाली ठेवली.

"घरीही धुणार का?"

"मशीन असलं तर."

"आणि नसलं तर?"

हेमराजने आईकडे पाहिलं. झुंबरबाई पंख्याकडे बघत होती.

"धुईन," तो म्हणाला.

सारिकाला हसू आवरेना. नानांनी आत हाक मारून पेढे मागवले.

परतीच्या एसटीत साक्रीला गर्दी उतरेपर्यंत झुंबरबाई थांबली. मग त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "लगीननं आगोदर एक मशीन लई ये. तू बायकोनं लुगडं धवस, ते माले देखावस नही."