अंघोळीचे पाव्हणे

"या पाव्हणं, अंघोळीला!" असं म्हणत मामा मडक्यात हात घालून बेडूक बाहेर काढायचे. इतक्या मानानं मी आजवर एकाही विद्यार्थ्याला हाक मारलेली नाही.

संगमनेरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. मामा आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई. बेडकाच्या कातडीतून चिकट पाझर सुटतो, त्यात जंतू मारणारी पेप्टाइडं नावाची द्रव्यं असतात, त्यावर माझं संशोधन. मामा बेडूक हलक्या हातानं चोळायचे, मी पाणी ओतायचे आणि खाली जमलेलं पाणी जंतूंवर घालून बघायचे.

"म्हंजी हे चिखलात लोळूनबी ठणठणीत, अन् आमी साबन लावून लावून दवाखान्यात!" मामा म्हणायचे. "देवाचं डोकं काय ठिकानावर न्हाई, मॅडम."

त्यांचा एक नियम होता. मडक्यावर खडूनं बेडकाच्या विहिरीचं नाव लिहायचं आणि अंघोळ झाली की पाव्हणा त्याच विहिरीत परत. मी एकदा म्हटलं, "कॉलेजच्या हौदात सोडा की, कोण बघतंय?" मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लेकीला भलत्याच घरी नांदायला धाडतेय. त्यांनी सायकल काढली.

मामांना शुगर होती. पोळ्याच्या सुमारास पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेचना. गोळ्या बदलल्या, इंजेक्शनं बदलली, जंतू काही बधेनात. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल.

"मॅडम, आपलं औषध कवा व्हनार?"

"दहा वर्षं तरी लागतील, मामा."

"तवर अंगठा थांबल का?"

मी पुन्हा पाणी ओतू लागले. पुढच्याच आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. प्राचार्य शिस्तीवर बोलत होते, मामा ढगळ गमबूट घालून चहा देत होते. अचानक त्या बुटातून बेडूक उडाला तो थेट प्राचार्यांच्या फायलीवर. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीसुद्धा.

प्रयोगशाळेत आल्यावर मात्र मी भडकले. "अहो, बेडकाच्या अंगावर विहिरीतले जंतूही असतात! उघड्या जखमेला लावता?"

"तुमीच म्हनला हुता, जंतू मरत्यात."

म्हटलं होतं खरं. ते काचेच्या बशीत मरतात, माणसाच्या पायातलं अजून कुणाला माहीत नाही, हे सांगायचं राहिलं होतं. मामांनी बेडूक मडक्यात ठेवला.

अंगठा काढला, तरी विष अंगभर पसरलं. आठ दिवसांत मामा गेले. बेडकामुळे का, ते डॉक्टरांना सांगता येईना. मला त्या न सांगितलेल्या बशीची आजही लाज वाटते.

त्या बुटातल्या बेडकाच्या मडक्यावर लिहिलं होतं, 'आमची विहीर'. ते मांडीवर घेऊन मी एसटीनं मामांच्या गावी, बेलापूरला गेले. मामींनी विहीर दाखवली. बेडूक काठावरच बसून राहिला.

"औषध निघंल का वो त्यातनं?" मामींनी विचारलं.

"दहा वर्षं तरी..."

"निघू द्या. दुसऱ्या कुनाचा तरी पाय ऱ्हाईल."

आता बेडूक मीच धरते. "या पाव्हणं" म्हणायला जाते. तेवढ्यात बेडूक हातातून सटकतो आणि मी अन् विद्यार्थी टेबलाखाली रांगत त्याला शोधत बसतो.