सुरतेला, मागच्या सीटसाठी

सकाळी साडेसहाला आम्ही धुळे सोडलं. थंडी चांगलीच होती. हातमोजे घालूनही साक्रीपर्यंत माझी बोटं वाकत नव्हती. पुढे विलास, मागे मी, आणि बाजूच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे. आम्ही चाललो होतो मोटारसायकलची सीट बदलायला.

विलास म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, लिहिताना नाव सोपं पडतं. ते आयटीआयत शिकवतात, मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. मुलगी नोकरीला लागल्यावर त्यांनी साडेतीनशे सीसीची जड गाडी घेतली आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही कुठे ना कुठे जातो. मांडूला गेलो, दीवला गेलो, एकदा थेट वेंगुर्ल्यापर्यंत. या जानेवारीत कच्छचं रण बघायचं ठरलं होतं. गाडी उत्तम, पण तिची सीट तासाभरात छळायला लागते. जेलची गादी लावून पाहिली, ती उन्हात तापली. हवा भरायची उशी घेतली, ती वळणावर माझ्यासकट सरकली. मग विलासनी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, की सुरतेत एका मोठ्या दुकानात लांबच्या प्रवासाच्या तयार सीट मिळतात, तिथल्या तिथे बसवूनही देतात.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर ओल्यात घसरले होते. पंधरा दिवसांत बरी झाले असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात डाव्या बाजूचं दुखणं गेलंच नव्हतं. घरात, शाळेत ते फारसं जाणवायचं नाही, पण गाडीवर अर्ध्या तासानंतर कमरेपासून पोटरीपर्यंत एक तार ओढल्यासारखी व्हायची. मी उजवीकडे भार टाकून बसायला शिकले होते. उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, उतरल्यावर डोंगर बघत असल्यासारखं मिनिटभर उभं राहायचं. तेवढ्यात पाय ताळ्यावर येत असे.

कोंडाईबारी घाटात ट्रकांची रांग होती. विसरवाडीला चहा घेतला तेव्हा मी असाच डोंगर पाहिला. नवापूर ओलांडलं की पाट्यांवरची अक्षरं बदलतात आणि चहात आलं वाढतं. सोनगडचा किल्ला डावीकडे की उजवीकडे यावर आम्ही दोघं दरवेळी भांडतो, याही वेळी भांडलो आणि बोलण्याच्या नादात किल्ला मागे गेला. व्यारापासून पुढे दोन्हीकडे ऊस. बारडोलीला पात्रा (आपली अळूवडी, फक्त जास्त गोड) खाल्ला. तिथे मला बाकावर बसायचंच नव्हतं. "उभ्यानेच खाते, बसून बसून कंटाळा आला," म्हटलं. हे मात्र खरं होतं.

सुरतेत आमचा मुक्काम गोडादऱ्याला, माझ्या मावसभावाकडे. प्रकाश एका भरतकामाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. गल्लीत शिरल्यापासून लूमचा खडखडाट कानात बसतो. पहिल्या रात्री वाटतं झोप लागणार नाही, दुसऱ्या दिवशी तो बंद पडला तर जाग येते. सरलावहिनी दारातच उभी होती.

"ये व माय, कितली दमी गयी तू! बठ, मी चहा लयी येस," (ये गं बाई, किती दमलीस! बस, मी चहा आणते) ती म्हणाली. सुरतेत वीस वर्षं झाली तरी घरातली अहिराणी तशीच आहे. मुलं मात्र आईला गुजरातीत उत्तर देतात.

दुसऱ्या दिवशी लोचो खाऊन आम्ही त्या दुकानात गेलो. लोचो म्हणजे फसलेल्या खमणासारखा गरम, मऊ, वाफाळता प्रकार, वर तेल आणि शेव. विलासनी दोन प्लेट खाल्ल्या. दुकान मोठं होतं, भिंतीवर हेल्मेटं, आरसे, दिवे. माणूसही बोलायला गोड. "साहेब, हाइट कितनी? वजन? रोज कितना चलाते हो?" त्याने विलासना खूप प्रश्न विचारले. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम को तो पीछे आराम ही आराम है." दहा मिनिटांत सीट बसली. दिसायला देखणी होती. पुढचा भाग रुंद, मागचा उंच केलेला आणि किंचित पुढे उतरता. विलास बसले, उठले, पुन्हा बसले आणि खूश झाले.

"चला, सुंवालीच्या समुद्रापर्यंत जाऊन येऊ. सीट कळेल," ते म्हणाले.

हजिरा रस्ता कारखान्यांचा रस्ता आहे. कंटेनर, टँकर, कामावरून सुटलेली माणसं आणि धूळ. मागच्या उतारामुळे मी सारखी पुढे घसरत होते आणि पायाने रेटून पुन्हा मागे जात होते. इच्छापोरला पोचेपर्यंत डावा पाय माझा राहिला नव्हता. तिथे चौकाजवळ ट्रक आडवे लागले होते म्हणून विलासनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "पाणी पिऊन घे." मी नेहमीसारखी डाव्या पायावर उभी राहून उजवा पाय फिरवला. डाव्या पायाने साथ दिली नाही. मी सरळ खडीवर आपटले.

पलीकडच्या कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार धावत आला. "बेन, वाग्युं तो नथी ने?" (ताई, लागलं नाही ना?) त्याने स्वतःची खुर्ची आणून दिली. माझा तळहात सोलला होता. विलास गाडी स्टँडवर लावून आले, त्यांचा चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"मुंग्या आल्या पायाला. बाकी काही नाही."

त्यांनी रुमालाने माझा तळहात पुसला. मग म्हणाले, "समुद्र राहू दे." आम्ही तिथूनच परत फिरलो.

संध्याकाळी मी जिना एकेक पायरी करत चढत होते ते सरलावहिनीने पाहिलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाली, की मागच्या गल्लीत इंदूबाई म्हणून आहेत, पारोळ्याकडच्या, त्या रिक्षाच्या आणि गाड्यांच्या सीट करतात. तिच्या भावाची करून दिली, तो आता त्याच गाडीवर पारोळ्याला जाऊन येतो.

"रिक्षाची सीट वेगळी आणि ही वेगळी," विलास म्हणाले.

"दाखवायला काय जातं?" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो.

इंदूबाईंचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली आणि वर पत्रा. एक जाड सुईचं शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, लांब पात्याची सुरी. बाई पन्नाशीच्या, सडपातळ, कपाळावर घाम. सासरे रिक्षाची हुडं शिवायचे, त्यांच्याकडून शिकल्या असं त्यांनी हात न थांबवता सांगितलं. नवी सीट अंगठ्याने दाबून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हाई नई चालाव (ही नाही चालणार). वरून मऊ लागते ना दादा, पण हिच्या पोटात काही नाही. माणूस तळाला जाऊन टेकतो. जुनी सीट आणलीय का?"

जुनी सीट प्रकाशच्या घरी होती, विलास घेऊन आले. तोवर इंदूबाईंनी साड्यांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा कापून ठेवलेला. तो त्यांनी कडक लाकडी बाकावर मांडला.

"आधी कोण? बाईले बसू द्या. लांबच्या रस्त्याले मागच्याचाच जीव जातो. धरायला हँडल नाही, समोरचं काही दिसत नाही."

मी पुठ्ठ्यावर बसले. पाय गाडीवर ठेवतात तसे दोन विटांवर ठेवायला लावले. पाच मिनिटं बसून राहायचं, हलायचं नाही. मग मी उठले. त्यांनी शिलाईचा खडू आडवा धरून पुठ्ठ्यावर घासला. जिथे हाडं रुतली होती तिथे खडू लागला नाही, दोन खड्डे उमटले. उजवीकडचा खोल, वाटीएवढा. डावीकडे नुसती पुसट खूण.

मग विलास दुसऱ्या पुठ्ठ्यावर बसले. त्यांचे दोन्ही खड्डे सारखे होते.

इंदूबाईंनी दोन पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. विलास वाकून पाहू लागले. यंत्रांवर आयुष्य गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

इंदूबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोठे दुखस तुले?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता, कारण दुखतंय हेच कुणाला माहीत नव्हतं. मी डाव्या कमरेवर हात ठेवला आणि तो खाली पोटरीपर्यंत नेला.

"कधीपासून?" हे विलासनी विचारलं.

"गच्चीवर पडले तेव्हापासून."

"म्हणजे वेंगुर्ल्याला..."

"हो."

"आणि दीवला?"

"दीवलाही."

ते बाहेर जाऊन उभे राहिले. इंदूबाई सुरीला धार लावू लागल्या. जरा वेळाने ते आत आले आणि सगळ्यांसमोरच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाडी विकली असती."

"विकलीच असती."

"म्हणूनच. मला गाडी विकायची नव्हती. मला कच्छला जायचंय."

माझा आवाज चढला होता. खरं तर मलाही ते तेव्हाच स्पष्ट कळलं. घरी आम्ही दोघं कामाचं तेवढं बोलतो. गाडीवर, हेल्मेटमधून ओरडून का होईना, इतर सगळं बोलतो. मला तो रस्ता हवा होता, आणि तो जाऊ नये म्हणून मी गप्प राहिले होते. त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणून कधी रागही यायचा, आणि लक्षात येऊ नये याची काळजीही मीच घ्यायची.

इंदूबाईंनी आमचं भांडण पुढे जाऊ दिलं नाही. पट्टी घेऊन सीटवर खुणा केल्या. मागची जागा सपाट करायची, उतार काढायचा, चार बोटं रुंद करायची. तळाला चिंध्यांचा दाबलेला कडक फोम, वर थोडा मऊ. डाव्या बाजूला हाडाखाली खोबण. "पण दादा, हिले जागा पाहिजे तर ती तुमच्यातून जाईल. तुम्ही दोन बोटं टाकीकडे सरकाल. मागे टेकायचा उंचवटाही राहणार नाही."

"काढा," विलास म्हणाले.

"आणि ताई, सीट म्हणजे औषध नाही. डॉक्टरले दाखव. तासाला उतरायचं, चालायचं. हे मी करीसन देस (करून देते), ते तू कर."

कामाला दीड दिवस लागला. त्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने अडाजणला पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, इथे तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. विलासनी दोघांत एक पुडी घेतली. मग पुडीतले दाणे वेचत म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या घाटात तू गाणी म्हणत होतीस."

"दुखत होतं म्हणून."

त्यांना हसू आलं नाही. "मी त्या दिवशी सलग तीन तास चालवली," ते म्हणाले. मी पुडी त्यांच्या पुढे केली. मी आणखी काय करणार होते?

चौथ्या दिवशी दुपारी सीट तयार झाली. काळी, साधी, कसली नक्षी नाही. इंदूबाईंनी लगेच "कशी आहे?" विचारलं नाही. "एक तास फिरून या, मग सांगा. पाच मिनिटांत कोणतीही सीट चांगली लागते," म्हणाल्या. आम्ही कतारगामपर्यंत रहदारीतून गेलो आणि आलो. डावीकडचा फोम मला जरा टोचला. पूर्वीची मी "छान आहे" म्हणाले असते. मी टोचतंय म्हणून सांगितलं. त्यांनी पिना उपसल्या, रेक्झिन उलटवलं, बोटभर फोम घासला आणि पुन्हा बसवलं. विकत घेतलेली सीट दुकानदार परत घेईना. प्रकाशच्या कारखान्यातल्या एकाकडे तशीच गाडी होती, त्याने ती सीट आनंदाने नेली. एकट्याने फिरणाऱ्याला ती बरी असावी.

पाचव्या दिवशी परत निघालो. व्याराला मी विलासच्या खांद्यावर थाप मारून ओरडले, "थांबा!" ते थांबले. उतरल्यावर मी डोंगराकडे बघत राहिले नाही, रस्त्याच्या कडेने शंभर पावलं चालले. ते गाडी सोडून सोबत चालले. असे आम्ही पाच वेळा थांबलो. धुळ्याला पोचायला अंधार पडला, जाताना लागलेल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त. दुखलं का? दुखलं. पण पाय माझा होता, आणि माझी मी उतरले.

डॉक्टरांनी तीन महिने व्यायाम सांगितला आणि तोवर लांबचा प्रवास बंद. म्हणजे या जानेवारीत कच्छ नाही. विलासनी गाडी विकायचा विषय काढला नाही, मीही नाही. सीटसाठी सुरतेला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की जे दोघं बसणार त्या दोघांनी जा, वेळ घेऊन बसून पाहा, आणि विचारलं तर खरं सांगा. फोम कोणताही असो, खोटं बोलून बेतलेली सीट टोचणारच.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुलकर्णीबाई साड्या बघायला आल्या. सुरतेला जाऊन मी एकही साडी आणली नाही यावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांना अंगणात नेऊन सीट दाखवली. हसत हसत, पदर खोचून, त्या मागच्या जागी एका बाजूला पाय सोडून बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

"माझा उजवा गुडघा गं," शेवटी त्या म्हणाल्या, "वर्ष झालं. घरात बोलले नाही कुणाला."

मी पायरीवर गळलेली फुलं बाजूला सारून त्यांच्यासमोर बसले, आणि त्या सांगू लागल्या.