आहेरांचा दोन पॉइंट चार

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. आमच्या गेज रूमच्या टेबलाला खाली एक ड्रॉवर होता. त्यात कुठले कुठले स्क्रू, वॉशर, तुटक्या पट्ट्या पडलेल्या असायच्या. कशाचे आहेत ते कुणाला ठाऊक नाही आणि फेकायची कुणाची हिंमत नाही. त्या खोलीतल्या गोष्टी माझ्या डोक्यात तशाच पडून आहेत. त्यातल्या निम्म्या मला तेव्हा कळल्या नव्हत्या. उरलेल्या निम्म्या कळल्या असं वाटलं होतं.

सातपूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, ट्रॅक्टरचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बनवायची. गेज रूम म्हणजे जिथे तयार माल मोजून बघतात ती खोली. नव्वदच्या दशकात तिथे मी एकटीच बाई होते.

*

जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटवरून भांडणं व्हायची. मॅच झाली की प्रत्येक जण म्हणायचा, मी सांगितलंच होतं. आमचे क्वालिटीचे मुख्य वैद्य साहेब मोजूनमापून बोलणारे. त्यांनी ठरवलं की मॅचआधी प्रत्येकानं कोण जिंकणार ते लेखी द्यायचं आणि चुकलेल्यांनी बरोबर आलेल्यांना चहा पाजायचा. अकरा जण तयार झाले. वही माझ्याकडे आली, कारण मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. साहेबांच्या मते ही मोठीच पात्रता होती.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. पॅकिंगमधले विधाते मखमलाबादहून यायचे. घरची गुलाबाची आणि भाजीची शेती, माणूस अगदी मऊ. मी वही पुढे केली तर ते डबा खाता खाता म्हणाले, "वेस्ट आहे हो." मी लिहिलं, वेस्ट इंडीज. त्यांना म्हणायचं होतं की मॅचच फालतू आहे.

वेस्ट इंडीज जिंकली. विधात्यांचा तो पहिला बरोबर अंदाज.

*

शंभर मॅच व्हायला दीडेक वर्ष गेलं. त्याच सुमारास साहेब पुण्याहून संख्याशास्त्राचं पाच दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि आल्या आल्या त्यांनी वही मागून घेतली.

लेथ सेक्शनचे सुपरवायझर आहेर सगळ्यात पुढे होते. देवळ्याचा गडी, आवाज मशीनच्या वरचा. शंभरात त्यांचे बासष्ट बरोबर. साहेबांनी फळ्यावर समजावून सांगितलं. नुसतं नाणं उडवून अंदाज केले तरी शंभरात पन्नास बरोबर येतील. नेमके पन्नास नाही, पाच इकडे, पाच तिकडे. ती नाण्याची सवय. आहेर पन्नासच्या बारा पुढे आहेत. बाराला पाचानं भागा. आलं दोन पॉइंट चार. ह्याला झेड स्कोअर म्हणतात. दोनच्या वर गेला की समजायचं, हे नुसतं नशीब नसावं.

आहेरांनी हळूच विचारलं, दोन पॉइंट चार काय, मिलिमीटर?

साहेब म्हणाले, ह्याला एकक नसतं.

"मग मोजायचं कशानं?" विधात्यांनी विचारलं. खोलीत पन्नासेक तरी मापं टांगलेली होती. साहेबांनी चष्मा पुसला आणि जेवणाची सुट्टी संपल्याचं सांगितलं.

हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून साहेबांनी सगळ्यांचे आकडे तपासणी अहवालाच्या छापील फॉर्मवर उतरवले होते. नग तपासले शंभर, योग्य बासष्ट, झेड दोन पॉइंट चार. आहेरांचा फॉर्म माझ्यासमोर आला. मी सवयीनं 'तपासले'च्या पुढे सही केली आणि 'पास'चा शिक्का मारला. आहेरांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

*

विधात्यांचे शंभरात अडतीस बरोबर होते. त्यांचा झेड उणे दोन पॉइंट चार. साहेबांनी त्यांना धीर दिला की एवढं चुकणंसुद्धा नशिबानं होत नाही, तुमच्याकडेही आहेरांएवढीच विद्या आहे, फक्त उलटी.

त्या दिवसापासून सगळे आधी विधात्यांकडे जायचे. त्यांचं मत ऐकायचे आणि माझ्या वहीत त्याच्या विरुद्ध लिहायचे. आडनाव विधाते आणि काम हे! आधी त्यांना मजा वाटली. मग एक दिवस ते बाजूला येऊन म्हणाले की आजपासून मीही माझ्या विरुद्ध लिहिणार.

तसं त्यांनी महिनाभर केलं. तरी चुकत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "आता ह्यातला कुठला मी चुकतोय, तेच समजंना."

 

*

एका शनिवारी दुपारी वॉचमननं निरोप आणला की गेटवर आहेरांच्या मिसेस आल्यात आणि तुम्हाला भेटायचं म्हणतात. आहेर त्या दिवशी रजेवर होते. मी गेले. चाळिशीची बाई, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी तो फॉर्म काढला.

"ताई, ह्याच्यावर काय लिहेल हाय?"

मी म्हटलं, क्रिकेटचं आहे, गंमत आहे आमची.

त्या म्हणाल्या की गंमत असती तर मी देवळ्याहून एसटीनं आले नसते. आहेर महिनाभर घरी सांगत होते की कंपनीनं सर्टिफिकेट दिलंय, माझा अंदाज नशिबाचा नाही. पोरीच्या पॉलिटेक्निकच्या फीचे ठेवलेले पैसे घेऊन ते सकाळीच मालेगावला गेले होते. तिथे कुणी खरा सट्टा घेणारा होता. फॉर्म घाईत घरीच राहिला होता.

"त्यावर सही कोणाची हाय?"

माझी, मी म्हटलं.

"मंग मला सांगा, हा दोन पॉइंट चार म्हंजे काय?"

मी नाण्याचं सांगायला लागले. पन्नास, पाच, बारा. मधेच अडकले. पाच कुठून आले ते मला आठवेना. खरं म्हणजे ते मला कधी कळलंच नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

त्यांनी फॉर्मची घडी घातली. "तुम्हाला जे कळत नाय, त्याच्यावर तुम्ही शिक्का मारला?"

आवाज चढला नव्हता. तेच मला लागलं. मी त्यांना चहाचं विचारलं, त्या नको म्हणाल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या.

*

रविवारी सकाळी मी वही घेऊन बसले. क्रिकेट कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. त्या शंभरातल्या प्रत्येक मॅचला अकरा जणांतल्या बहुतेकांनी कोणती टीम लिहिली ते पाहिलं आणि तो सगळ्यांचा मिळून एक अंदाज धरला. मग तो किती वेळा बरोबर आला ते मोजलं. तीनदा मोजलं.

एकसष्ट.

म्हणजे आहेर बहुतेक वेळा जी टीम तगडी तीच लिहीत होते, जी सगळेच लिहीत होते. नाण्याच्या पुढे बारा, पण बाकीच्यांच्या पुढे एक.

सोमवारी मी वही साहेबांपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मी नाणं चुकीचं धरलं." नव्या हिशेबानं आहेरांचा झेड शून्य पॉइंट दोन आला. विधात्यांचा इतका खाली गेला की तो मी त्यांना सांगितलाच नाही.

आम्ही दोघं लेथवर गेलो. साहेबांनी स्वतः माफी मागितली आणि नवा आकडा सांगितला. आहेर आधी भडकले. रागात ते गावच्या बोलीवर जायचे. "हाऊ मना आकडा शे," ते म्हणाले, "माझा आकडा तुम्ही माघारी कसा घेता?" मग खाली बसले आणि मालेगावचं सांगू लागले.

पैसे त्यांनी लावलेच नव्हते. मालेगावचा सट्टा घेणारा माणूस एरवी रेडिमेड कपड्यांचा दुकानदार निघाला. आहेरांनी त्याला शंभरात बासष्ट सांगितले. त्यानं विचारलं, ह्यातल्या किती वेळा तुम्ही कच्ची टीम घेतली होती? आहेरांना आठवेना. तेव्हा त्यानं सांगितलं की तगड्या टीमवर तो भाव इतका कमी देतो की बासष्ट बरोबर येऊनही माणूस कोराच घरी जातो. वर हेही सांगितलं, "भाऊ, तुमच्यासारखे हुशार माझ्याकडे लई येतात. शंभर आले तर दोन-चार असे निघणारच. त्यांना बघूनच बाकीचे येतात."

आहेर पैसे घेऊन परत आले होते. 

साहेब मला नंतर म्हणाले, ट्रेनिंगला ह्या दुकानदाराला पाठवायला हवं होतं.

*

पुढे कंपनीला क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं होतं म्हणून बाहेरचा ऑडिटर आला. गंभीर माणूस. रजिस्टरं चाळता चाळता त्याच्या हातात आमची वही गेली. मी त्यात टीमची फक्त पहिली अक्षरं लिहीत असे. त्याला ती सप्लायरची नोंद वाटली. इतकी स्वच्छ नोंद त्यानं कुठे पाहिली नव्हती. एका ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं की हा 'भा.' सप्लायर एवढा बेभरवशाचा आहे, तर तुम्ही तो बदलत का नाही?

मग विधाते म्हणाले, "नाही बदलता येत, साहेब. आपल्याला दुसरा नाहीच."

ऑडिटरनं मान हलवली आणि तसं लिहून घेतलं.

*

साहेब रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या मुलीचं, मेधाचं, लग्न जमत आलं. गंगापूर रोडला त्यांच्या घरी बैठक होती आणि वैद्य वहिनींना मदतीला मी गेले होते. साहेबांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, पण मुलाकडच्यांचा होता. त्यांनी गुरुजींना सोबतच आणलं होतं. गुरुजींनी कॉम्प्युटरवरून काढलेला कागद उलगडला आणि सांगितलं की छत्तीसपैकी अठरा गुण जुळतात. अठराच लागतात, म्हणजे जमलं.

मुलाकडचे हसले. वहिनींनी खूण केली, तसे मी पोहे आणून दिले.

साहेब मात्र कागदाकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला. "छत्तीसात अठरा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "म्हणजे शून्य."

मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला. शून्य म्हणजे नकार आहे का, त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, नकार नाही. मग होकार आहे का? होकारही नाही. अठरा म्हणजे निम्मे, नाणं उडवूनही तेवढेच येतात, त्यावरून पुढे काय होईल ते काहीच सांगता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, अहो, शास्त्रात अठरा चालतात. साहेब म्हणाले, चालतात हो, पण सांगत काहीच नाहीत. वहिनींनी डोक्याला हात लावला. मुलगा एकदा वडिलांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता, जसं काही मला माहीत होतं.

मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. ती पुढे आली आणि पहिला कप तिनं साहेबांसमोर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "मला शून्य चालेल."