चोच लिहायची असेल तर…

गौतम गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला, तेव्हाही मी आधी नंबर कुणाचा ते तपासलं. संशय हा माझा जुना आजार. जाफराबादला फोन लावला. त्याच्या भावानं उचलला. “खरंय. सकाळी छातीत कळ आल्ती. दवाखान्यात नेलं, पण न्हाई…” त्यालाही मी दोनदा विचारलं. दीड महिना झाला, अजून त्याची लाज वाटते.

आम्ही जालन्यात एकाच बाकावर कॉम्प्युटर शिकलो. मी तिथंच मस्तगड भागात क्लास काढला, त्यानं गावी जाफराबादला. शिवाय इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांसाठी तो मराठीतून ब्लॉग लिहायचा. माझी पोरंही वाचायची. इतकं सोपं करून सांगायचा की मला हेवा वाटायचा, हे आता कबूल करतो. पण त्यातला सी भाषेचा एकही प्रोग्राम चालायचा नाही. पहिल्याच ओळीत #include दिसायचं आणि पुढचं <stdio.h> गायब. मला वाटलं, हा मुद्दाम गाळतोय. पोरं अडली की याच्याच क्लासला जातील… तसं तोंडावर विचारलंही.

“बिलकुल न्हाई,” तो म्हणाला. “माझ्याकडं बराबर दिसून राह्यलंय.”

“तुझ्याकडं दिसतं अन् आमच्याकडंच न्हाई? मला येडा समजतो का?”

मग मी वर्गात सांगून टाकलं, त्या ब्लॉगच्या नादी लागू नका, तो अर्धं झाकून ठेवतो. पोरांनी वाचणं सोडलं. हे त्याच्या कानावर गेलं असणारच, कारण थोड्याच दिवसांत त्यानं एक छोटी पोस्ट टाकली. < या चिन्हाला तो चोच म्हणायचा. पोस्टमध्ये होतं, “उपाय सापडला. चोच लिहायची असेल तर < लिहा.” म्हणजे चोचीच्या जागी चोचच! माझं डोकं फिरलं. खाली लिहिलं, “थट्टा पुरे.” त्याचं उत्तर आलं, “थट्टा न्हाई रे. तुझ्याकडं काय दिसून राह्यलंय, तेवढं सांग.” मी सांगितलं नाही. आमचं शेवटचं बोलणं ते.

परवा जाफराबादला गेलो. वहिनींनी त्याचा लॅपटॉप समोर ठेवला. “भावजी, ते खोटं लिहीत नव्हते. तेवढं बघा अन् पोरांला सांगा.” खरं सांगतो, तेव्हाही मनात होतं, आता त्याची लबाडी सापडेल. ब्लॉगची, फक्त त्यालाच दिसणारी लिहिण्याची बाजू उघडली. पहिल्या प्रोग्राममध्ये <stdio.h> जागेवर होतं. सगळ्याच प्रोग्राममध्ये होतं. चोचीतलं काहीही ब्राउझर स्वतःसाठीची खूण समजतो आणि गिळून टाकतो, हे सी शिकवणाऱ्या मला ठाऊकच नव्हतं. मग ती पोस्ट उघडली. तिथं त्यानं लिहिलं होतं, “चोच लिहायची असेल तर &lt; लिहा.” उपाय अगदी बरोबर होता. इतका बरोबर, की आमच्यापर्यंत येताना &lt; ची सुद्धा चोच झाली होती. त्याच्याकडं खरंच बराबर दिसत होतं… दोन्ही वेळा.

दुपारभर बसून त्याच्याच उपायानं एकेक चोच दुरुस्त केली. त्या पोस्टमध्ये & च्या पुढं फक्त amp; एवढंच घालायचं होतं, म्हणजे ब्राउझर त्याची चोच न करता लिहिलंय तसंच दाखवतो. वहिनींनी ठेवलेला चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की गौतम सर काही झाकत नव्हते, चूक माझी होती. पोरांनी त्याचा पहिला प्रोग्राम चालवला. चालला.

त्या पोस्टखाली त्याचा प्रश्न अजून तसाच आहे. तुझ्याकडं काय दिसून राह्यलंय, तेवढं सांग. त्याच्याखाली मी लिहिलं, “बराबर दिसून राह्यलंय, गौतम.”