वजनाचं कोणाला विचारायचं?

आज सकाळी मोंढ्याच्या बाजारातून रमेशशेठचा फोन आला. त्यांचं हळदीचं अडत दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटा, बिलाची मशीन, इंटरनेट आणि वर्षभराची दुरुस्ती, हे सगळं पॅकेज त्यांना मीच विकलंय. "फक्त मला फोन करा, बाकी माझ्यावर सोडा," असं छातीठोक सांगून.

"काट्यावरचं वजन बिलात येऊन न्हाई राहिलं. बाहेर पोत्यांची थप्पी लागली."

मी तिन्ही कंपन्यांना फोन लावले. काटेवाला म्हणाला, काटा बराबर आहे, मशीनवाल्याला विचारा. मशीनवाला म्हणाला, इंटरनेट बघा. इंटरनेटवाला म्हणाला, आमची लाइन चालू आहे. विकायच्या वेळी हे तिघंही माझ्याच बाजूला बसून शेठचा चहा पीत होते.

शेवटी वैतागून मी शेठलाच म्हणालो, "तुमीच एकदा मशीनवाल्याशी बोलून घ्या ना."

ते म्हणाले, "शेतकरी माझ्याकडं माल टाकतो. उतरवतो हमाल, मोजतो तोलारी, घेतो व्यापारी. मी कधी त्याला म्हणलो का, वजनाचं तोलारीला विचार म्हणून?"



दिवसभर शेठनी बिलं हातानं लिहिली. वजन अजूनही बिलात येत नाही, आणि आत्ता तिन्ही कंपन्यांचा मला मेसेज आलाय की तुमची तक्रार सोडवली आहे.

मंडळी, उद्या मी त्या दुकानात कोणत्या तोंडानं जाऊ?