वर्षावासातलं उरलेलं वाचन

भास्कर गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी विहाराच्या पायरीवर बसून त्याच्यावरच चिडलेलो होतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, पनवेलच्या आमच्या त्या छोट्या विहारात तो रोज संध्याकाळी बुद्धाच्या उपदेशाचं वाचन करायचा आणि वाचलेलं साध्या मराठीत समजावून सांगायचा. किल्ली त्याच्याकडेच असायची. शाळेत असताना घंटा व्हायच्या आधी वर्गाच्या दारात उभा राहणारा हा माणूस, आणि त्या दिवशी विहाराला कुलूप, फोन उचलत नाही, छत्रीचं पाणी माझ्या पायांवर गळतंय. आला की त्याला काय काय ऐकवायचं, याची मी मनात उजळणी करत होतो. तेवढ्यात त्याच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या सुमनवहिनी, त्याची बायको. "भाऊजी, आज तिथे थांबू नका तुम्ही. हे... हे गेले." दुपारी जेवून आडवा झाला होता, तो उठलाच नाही. मी 'हो' म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि तरीही बराच वेळ तिथेच बसून राहिलो. त्याच्या घरी जायला हवं, एवढंही लवकर सुचलं नाही.

आम्ही एकाच शाळेत होतो. तो विज्ञान शिकवायचा, मी चित्रकला. मी बौद्ध नाही, आणि ध्यानबिन या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, अजूनही नाही. पण बायको गेल्यावर दिवेलागणीची वेळ मला खायला उठायची. मुलगा लांब, शेजारी आपापल्या टीव्हीसमोर. भास्करने उपदेश केला नाही. "संध्याकाळी येऊन नुसता बस," एवढंच म्हणाला. पहिल्या दिवशी त्याने डोळे मिटायला सांगितले आणि मला बायकोच्या बांगड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मी उठून बाहेर गेलो. नंतर त्याला म्हटलं, "हे आपल्याला जमणार नाही बाबा. ती मध्ये येते." तो म्हणाला, "येऊ दे की. तिला हाकलायला कुणी सांगितलंय? ती आली हे पाहा, गेली हेही पाहा. मागे धावू नकोस आणि दारही लावू नकोस." त्याच्या सगळ्या शिकवणीतलं एवढंच मला थोडंफार साधलं.

समजावून सांगण्याची त्याची तऱ्हाच वेगळी होती. जड शब्द आला की तो ग्रंथावरून मान वर करायचा आणि पनवेलात शिरायचा. मनात येणाऱ्या विचारांबद्दल म्हणायचा, "समजा, आपण डेपोत बसलोय. गाड्या लागतात, सुटतात. प्रत्येक गाडीत चढायलाच हवं का?" मी मागून विचारायचो, "आणि खिडकीची जागा मिळत असेल तर?" सगळे हसायचे, तोही हसायचा. दुःख म्हणजे नुसतं रडणं नव्हे, हे सांगताना त्याने एक नंबर लहान असलेल्या बुटाचं उदाहरण दिलं होतं. दिवसभर चालता येतं, कुणाला कळतही नाही, पण आपल्याला प्रत्येक पावलाला जाणवत राहतं. एकदा अनित्यतेवर बोलताना त्याने उलव्याच्या टेकडीचं उदाहरण घेतलं. आपण लहानपणी पाहिलेली एवढी मोठी टेकडी बघता बघता सपाट झाली, विमानतळ उभा राहिला, तर अनित्य समजायला ग्रंथ कशाला उघडायचा, असं तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. विचुंब्याहून येणाऱ्या हिराबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, अनित्य हाय ते आमाला पटतंय. पन ती टेकरी आपोआप नाय गेली, ती कापली. कापनाऱ्याला काय बोलायचा का नाय?" भास्करने ग्रंथ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बोलायचं. सगळं बदलतं म्हणजे कुणी काहीही करावं आणि आपण डोळे मिटून बसावं, असा अर्थ होत नाही. डोळे मिटायचे ते उघडल्यावर नीट दिसावं म्हणून." त्या दिवशी वाचन राहिलं आणि विहारात चांगलीच वादावादी झाली. तो खूष होता.

पुढे माणसं पांगली. जुन्या चाळी पाडून इमारती व्हायला लागल्या, कुणी उलव्याला गेलं, कुणी आणखी लांब. तिथून रोज संध्याकाळी कोण येणार? रविवारी थोडी गर्दी व्हायची. एरवी गेली दोन-तीन वर्षं कित्येक संध्याकाळी तो आणि मी, असे दोघंच. मग तो माइक बाजूला ठेवायचा, सतरंजीवर माझ्यासमोर बसायचा आणि मला एकट्याला वाचून दाखवायचा. वाचून झालं की विचारायचा, "समजलं का?" मी पोहोचलो नाही, तर मात्र ग्रंथ उघडत नसे. एकदा पावसात मी अडकलो आणि फार उशिरा पोहोचलो, तर हा मिटलेल्या ग्रंथासमोर तसाच बसलेला. मी वैतागून म्हटलं, "वाचायचं ना एकट्याने. तुला कुठे माझ्याकडून शिकायचंय?" तर म्हणाला, "अरे, बुद्धाच्या उपदेशातलं प्रत्येक सुत्त सुरूच होतं 'मी असं ऐकलं' असं. कुणीतरी बसून ऐकलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. बोलणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. ऐकणारं माणूस मिळणं कठीण असतं." तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं. आता त्याचा अर्थ मला रोज संध्याकाळी कळतो. त्याला एक ऐकणारा हवा होता, आणि मला ज्याचं ऐकावं असं दुसरं कुणी उरलेलंच नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला जुनी माणसं लांबलांबहून आली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, विहार पूर्वीसारखा भरला. वंदना झाली, चार माणसं बोलली. मग एका कार्यकर्त्याने भास्करच्या जुन्या प्रवचनाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. हेतू चांगलाच होता. भास्करचा आवाज आला, तसाच, मध्ये घसा खाकरणारा. सगळे स्तब्ध होऊन ऐकत होते. एक भाग संपवून त्या आवाजाने विचारलं, "समजलं का?" आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने अख्खा विहार एकसुरात म्हणाला, "हो सर!" मग सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणी मान खाली घातली, हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. स्पीकरवर तो आपला पुढे बोलतच होता.

वर्षावास अजून संपला नव्हता आणि वाचन अर्धवट सोडायचं नसतं. विहारात आता रोज ते रेकॉर्डिंग लागतं. मी एकदा गेलो, पुन्हा गेलो नाही. भास्करची लेक चार दिवस राहून नाशिकला परतली, तेव्हा वहिनींना भेटायला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांना म्हटलं, त्या रेकॉर्डिंगचं तुमच्या फोनवर काहीतरी करून देऊ का? त्यांनी मान हलवली. "नको भाऊजी. तो आवाज आपलं बोलत सुटतो. मी ऐकतेय की उठून आत गेले, त्याला काय कळतं? मी रविवारी विहारात यायचे, तेव्हा हे वाचताना माझ्याकडे बघायचे." मग म्हणाल्या, "रात्रीचं झोपेचं नावच नाही. दिवसाही डोळा लागत नाही. घर फार गप्प झालंय हो... तुम्हीच वाचा ना उरलेलं."

मी चांगला वाचत नाही. पाली शब्दांवर अडखळतो, समजावून सांगणं तर माझ्या बापजन्मात जमणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. भास्कर विहारात घेऊन यायचा तो ग्रंथ वहिनींनी टेबलावर काढून ठेवला होता आणि स्वतः पलंगावर भिंतीशी उशी घेऊन टेकून बसल्या होत्या. भास्करने खूण घालून ठेवलेलं पान मी उघडलं आणि सुरुवात केली. सुत्त श्वासाचं होतं. लांब श्वास घेताना लांब घेतोय हे जाणावं, आखूड घेताना आखूड घेतोय हे जाणावं, असं काहीतरी. मध्येच माझं मलाच नीट कळलं नाही, म्हणून तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग त्याच्या सवयीने विचारायला म्हणून मान वर केली, तर वहिनींची मान उशीवर कलली होती. चष्मा तसाच डोळ्यांवर, तोंड किंचित उघडं, श्वास संथ चाललेला. किती दिवसांनी झोप लागली होती त्यांना, कोण जाणे.

खोलीत ऐकणारं कुणीच नव्हतं. त्याच्या नियमाप्रमाणे मी ग्रंथ मिटायला हवा होता, मिटायला हातही गेला होता. पण आवाज थांबला तर त्यांना जाग येईल, अशी भीती वाटली. मी आवाज जरा खाली आणला आणि पान उलटून पुढचं वाचत राहिलो.